निरोगी बेणे: सुरण व अळू यांच्या मोझेक रोगाविषयी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात कतारगाम, सुरत येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या कार्यक्रमात शिक्षकाने बोलायचे म्हणजे शिक्षणावर बोलायचे, अशी आपली सर्वांची अपेक्षा असते. परंतु विश्वस्त मंडळाने आमच्याकडे ह्या वेळी निराळाच विषय सोपवला आहे. ह्या वर्षी प्रत्येक सभासद-कुटुंबाला सुरणाचे व अळूचे बेणे भेट द्यावे, ज्यांची वाडी आहे त्यांनी ते वाडीत लावावे, ज्यांच्याकडे अंगणच उरले आहे त्यांनी अंगणात लावावे, अशी एक योजना मंडळापुढे आहे. योजना चांगली आहे. झाड लावणे आणि त्याचे फळ माणसाच्या, पाखराच्या, जनावराच्या मुखी पडणे ह्याला आपल्याकडे सदक्याचा मान आहे. ह्या योजनेला वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने काही सांगायचे आहे काय, असे आम्हांस विचारण्यात आले. सांगायचे आहे ते एवढेच, की सुरण आणि अळू यांना एक विषाणुरोग होतो, तो बेण्यातून पसरतो, आणि बेणे न पाहता वाटले तर भेटीबरोबर रोगही घरोघर पोचतो. हे कसे घडते, आणि घडू नये म्हणून काय करावे, ते आपल्यापुढे मांडतो.

आज आपण ज्या कतारगामात बसलो आहोत, ते एके काळी भाजीपाल्याचे गाव होते. कतारगामची पापडी म्हटली की सुरतेच्या उंधियूची आठवण व्हायचीच. आज येथे हिऱ्यांच्या घंट्या फिरतात, कारखाने आहेत, उंच इमारती आहेत. वाड्या फार थोड्या राहिल्या. तरीही ह्या भागाचे नाव भाजीवरून ओळखले जाते, ही लहान गोष्ट नव्हे. आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे कोकणातून आले, कित्येकांचे खानदेशातून. त्यांनी येताना घरची भाषा आणली आणि परसातल्या भाज्यांची आवडही आणली. ओलपाड आणि कामरेजच्या बाजूस आजही काही घरांच्या वाड्या आहेत. तेव्हा हा विषय आपणांस परका नाही.

प्रथम नावांचा घोटाळा दूर करू. मराठी माणूस सुरतेच्या बाजारात जाऊन 'रताळू' मागतो, तेव्हा त्याच्या मनात गोड रताळे असते. पण भाजीवाला त्याला आतून जांभळा असलेला कंद देतो, कारण गुजरातीत रताळू म्हणजे तोच. आपल्या रताळ्याला येथे शक्करिया म्हणतात. एका पिशवीत बटाटा, रताळे, जांभळा कंद आणि सुरण असे चौघे एकत्र आले, तर आपण त्यांना एकाच घरचे समजतो. वनस्पतिशास्त्र तसे मानत नाही. बटाटा वांगी-टोमॅटोच्या कुळातला. रताळे ज्या कुळातले त्यात सकाळी फुलणाऱ्या निळ्या-जांभळ्या फुलांचे वेल येतात. जांभळ्या कंदाचे कूळ निराळे. आणि सुरण हा अळूचा भाऊ. जमिनीखाली वाढणे हा सर्वांचा समान गुण, परंतु कुळे चार. रोगांच्या बाबतीत कुळाला महत्त्व असते. ज्या विषाणूविषयी आम्ही बोलणार आहोत तो मुख्यतः अळूच्या कुळातच फिरतो. सुरणाचा शेजार बटाट्याशी असला तर त्याला ह्या रोगापुरते भय नाही. अळूशी असला तर आहे.

सुरण आणि अळू यांचे नाते आपल्या गृहिणींना शास्त्रज्ञांच्या आधीपासून माहीत आहे. दोन्ही घशाला खाजतात, आणि दोहोंनाही चिंच किंवा आमसूल लावावे लागते. ही खाज कॅल्शियम ऑक्झलेट नावाच्या क्षाराच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे होते. म्हणजे स्वयंपाकघराने जी जोडी जमवली, तीच शास्त्राने एका कुळात घातली.

आता सुरणाची वाढ पाहा. आपण ज्याला सुरणाचे झाड म्हणतो ते झाड नसून एकच पान असते. ठिपक्याठिपक्यांचा जाड दांडा हा खोडासारखा दिसला तरी तो पानाचा देठ आहे, आणि वर छत्रीसारखे पसरलेले हिरवे सर्व एकाच पानाचे भाग आहेत. पावसाच्या तोंडाला गड्डा लावावा, पान वर यावे, त्याने उन्हात अन्न तयार करून खाली पाठवावे, आणि हिवाळा लागताना पिवळे पडून निजावे, असा त्याचा वर्षाचा क्रम. जुना गड्डा ह्या अवधीत झिजून जातो आणि त्याच्या जागी नवा, मोठा गड्डा तयार होतो. घरात मिळवता एकच असावा आणि सर्वांचे पोट त्याच्यावर असावे, तशी ही व्यवस्था आहे. तो एक आजारी पडला तर वर्षाची कमाई गेली. सुरणाच्या पानावरचा रोग हा लहान रोग का नव्हे, ते ह्यावरून कळेल.

ह्या रोगात पानावर फिकट आणि गडद हिरव्या रंगाचे तुकडे उमटतात. मोझेकच्या फरशीवर रंगीत तुकड्यांची नक्षी असते, तशी ती दिसते. म्हणून ह्या प्रकारच्या रोगांना मोझेक हे नाव पडले. तंबाखूच्या पानावरील अशा रोगाला हे नाव हॉलंडमधील आडोल्फ मायर ह्यांनी 1886 साली दिले. 1892 साली रशियातील इव्हानोव्हस्की ह्यांनी दाखवले की रोगट पानाचा रस जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला तरी त्यातील रोग राहतोच. 1898 साली बायेरिंक ह्यांनी हा निराळ्याच जातीचा रोगकारक आहे असे ठरवले आणि त्याला 'व्हायरस' म्हटले. आपण त्याला विषाणू म्हणतो. प्राण्यांच्या विषाणूंची माहिती पुढे मिळाली. विषाणू ही वस्तू जगाला प्रथम एका पिकाच्या पानाने दाखवली.

आपल्या देशात सुरणाच्या मोझेकची विषाणुरोग म्हणून नोंद कपूर आणि राव ह्या शास्त्रज्ञांनी 1969 साली केली. हेच कपूर आणि त्यांचे सहकारी वर्मा ह्यांनी 1950 साली वालाच्या, म्हणजे आपल्या पापडीच्या जातीच्या, पिवळ्या मोझेकची नोंद केली होती. तेव्हा कतारगामच्या पापडीचा रोग आणि तिच्याबरोबर उंधियूत पडणाऱ्या सुरणाचा रोग, दोन्ही एकाच अभ्यासकाच्या हाताखालून गेले, असे म्हणता येईल. मात्र हे दोन रोग एक नव्हेत. पापडीचा विषाणू पांढऱ्या माशीबरोबर जातो. सुरणाचा माव्याबरोबर जातो, आणि त्याहूनही अधिक माणसाबरोबर जातो.

सुरणाच्या आणि अळूच्या ह्या विषाणूचे सविस्तर वर्णन 1970 साली अमेरिकेतील फ्लॉरिडा येथे झेटलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांनी त्याला 'डॅशीन मोझेक विषाणू' असे नाव दिले. डॅशीन हे वेस्ट इंडीज बेटांवरचे अळूचे नाव. विषाणूचा आकार बारीक, लवचिक धाग्यासारखा असून लांबी मिलिमीटरच्या सुमारे 750 दशलक्षांश आहे. असे 1300 धागे टोकाला टोक लावून ठेवले तर कोठे एक मिलिमीटर भरेल. बटाट्याला छळणारा 'वाय' नावाचा विषाणू ज्या गोत्रातला, त्याच गोत्रातला हाही आहे.

लक्षणे ओळखण्यास फार विद्या लागत नाही; पण डोळे लागतात आणि धीर लागतो. अळूच्या पानावर शिरांच्या बाजूने पिसासारखी फिकट नक्षी उमटते. सुरणाच्या पानावर हिरव्या-पिवळ्या रंगाचे चट्टे येतात, पान चुरगळल्यासारखे होते, आणि रोग जोरात असला तर पानाचे भाग अरुंद होऊन दोरीसारखे दिसू लागतात. रोपटे सहसा मरत नाही. वरून फारसे काही बिघडल्यासारखे दिसत नाही. खाली गड्डा मात्र लहान राहतो. शेतकरी म्हणतो, यंदा जमीन हटली. किंवा म्हणतो, पाऊस कमी झाला. रोगाचे नाव निघतच नाही.

ह्यात आणखी एक फसवणूक आहे. रोगट अळूला एक पान नक्षीचे आले तर पुढची दोन-तीन पाने अगदी स्वच्छ येऊ शकतात. विषाणू गेलेला नसतो; चिन्ह तेवढे लपलेले असते. अळवावरचे पाणी क्षणात ओघळून जाते. अळवातला हा विषाणू तसा ओघळून जात नाही. म्हणून एकदा पाहून निकाल देऊ नये. हंगामात निदान तीन वेळा, उन्ह कोवळे असताना, पान प्रकाशाकडे धरून पाहावे. पान सरसकट, जुन्यापासून पिवळे पडत असेल तर बहुधा खताची उणीव समजावी. दिवाळीच्या सुमारास सुरण पिवळा पडून वाकू लागला तर ते त्याचे निजणे आहे. पानावर पाणथळ, तपकिरी, वाढत जाणारे डाग असतील तर तो करपा. तो रोग निराळा. तुकड्यातुकड्यांची नक्षी आणि त्याबरोबर चुरगळलेपणा दिसला, तर मोझेकचा संशय धरावा.

येथे माता-भगिनींच्या मनात जो प्रश्न आला असेल त्याचे उत्तर आधीच देतो. हा विषाणू माणसाला बाधत नाही. नक्षी पडलेल्या अळूची वडी खाल्ल्याने किंवा रोगट झाडाचा सुरण खाल्ल्याने कोणी आजारी पडत नाही. रोगाचे नाव ऐकून ताटातील वडी बाजूला सारू नका. जे खायचे ते खुशाल खावे. जे लावायचे ते मात्र निवडून लावावे.

आता तो पसरतो कसा, ते पाहू. मावा हा बारीक किडा पानातील रस शोषतो. रोगट पानावर बसून त्याने सोंड टोचून नुसती चव घेतली, तेवढ्या काही सेकंदांत विषाणू सोंडेच्या टोकाला लागतो. मग तो उडून निरोगी पानावर बसतो, पुन्हा चव घेतो, आणि विषाणू तेथे पोचतो. काही ठिकाणी टोचून झाले की सोंड स्वच्छ होते आणि तो मावा निरुपद्रवी होतो. म्हणजे मावा हा जवळच्या अंतराचा हमाल आहे. फवारणी करून त्याला मारावे, असे आपल्याला वाटते. परंतु औषधाने मावा मरण्यास जेवढा वेळ लागतो, त्याच्या फार आधी त्याचे टोचणे होऊन गेलेले असते. त्यामुळे कीटकनाशक फवारून हा रोग थांबत नाही. बुरशीसाठी जी औषधे असतात त्यांचाही येथे उपयोग नाही. एकदा झाडात शिरलेला विषाणू शेतावरच्या कोणत्याही औषधाने निघत नाही. बाजारात कोणी तसे सांगून बाटली विकू लागला तर पैसे खिशातच ठेवावेत.

लांबच्या अंतराचा हमाल म्हणजे आपण स्वतः. बहुतेक वनस्पतींमध्ये विषाणू खऱ्या बियांत उतरत नाही. झाड आजारी असले तरी बी पुष्कळदा निरोगी निघते. सृष्टीने प्रत्येक पिढीला अशी एक नवी सुरुवात दिलेली आहे. सुरण आणि अळू आपण बियांपासून लावत नाही. गड्ड्याचा तुकडा लावतो, बाजूचे लहान गड्डे लावतो, अळूची मुनवे लावतो. तो तुकडा म्हणजे नवी पिढी नव्हे. ते जुनेच झाड पुढे चालू असते, आणि जुन्याचे दुखणेही त्याच्याबरोबर चालू राहते. आमच्या भागात जुन्या पद्धतीने लहान गड्डे पहिल्या वर्षी लावतात, काढून ठेवतात, दुसऱ्या वर्षी पुन्हा लावतात, आणि असे तीन-चार हंगाम करून मोठा गड्डा बाजारात नेतात. म्हणजे एकाच बेण्याला चार पावसाळे माव्यापुढे उभे राहावे लागते. ज्या वर्षी रोग लागला त्या वर्षापासून तो प्रत्येक काढणीत आणि प्रत्येक लावणीत बरोबर असतो.

हिशेबासाठी एक कल्पना करा. एका रोगट गड्ड्याचे चार तुकडे करून चार घरांना दिले. पुढच्या वर्षी त्या चौघांनी आपल्या गड्ड्याचे चार-चार तुकडे करून शेजाऱ्यांना दिले. म्हणजे दुसऱ्या वर्षी 16 घरांत रोग, तिसऱ्या वर्षी 64 घरांत, आणि त्यात माव्याने केलेली भर धरलेलीच नाही. ह्यात कोणी कोणाचे वाईट चिंतिलेले नाही. उलट प्रत्येकाने आपुलकीने दिले. आपल्या योजनेविषयी आमची जी चिंता आहे, तिचा सारा आशय ह्या हिशेबात आहे.

आता ज्यांची वाडी नाही, ज्यांना फक्त गॅलरी आहे, त्यांच्याकडे वळतो. 'हे शेतकऱ्यांचे काम, आमचा काय संबंध', असे कतारगामच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याने म्हणू नये. अळूच्या कुळात शोभेच्या झाडांची मोठी फौज आहे. डिफेनबेकिया, कॅलेडियम, फिलोडेंड्रॉन, अग्लोनिमा, पीस लिली आणि कॅला लिली ही सर्व ह्याच कुळातली, आणि ह्या विषाणूची ठाणी म्हणून त्यांची नोंद झालेली आहे. ही झाडेही फांदीच्या किंवा कंदाच्या तुकड्यांनीच वाढवतात आणि एका गावच्या रोपवाटिकेतून दुसऱ्या गावी जातात. पुन्हा, कॅलेडियम आणि डिफेनबेकिया यांच्या पानांवर मुळातच रंगीत ठिपके असतात. ती शोभा आणि रोगाची नक्षी यांत फरक करणे कठीण पडते. पान वाकडेतिकडे, आखूड आणि चुरगळलेले येऊ लागले की ती शोभा नव्हे, असे समजावे. जाता जाता हेही सांगतो, की डिफेनबेकियाच्या रसात तेच खाजरे स्फटिक असतात. लहान मुलाने पान चावले तर जीभ व तोंड सुजते. कुंडी मुलांच्या हाताबाहेर ठेवावी.

तिसरे ठाणे आपण रोज ओलांडून जातो. नाल्याच्या काठी, नळाखाली, सांडपाण्याच्या ओलीत आपोआप वाढलेला अळू असतो. वाडीतला सुरण उन्हाळ्यात निजतो. त्या काळात विषाणू गड्ड्याच्या आत वाट पाहत असतो. ओलीतला अळू मात्र बारा महिने हिरवा राहतो. तेथे विषाणूला बारमाही आश्रय मिळतो, आणि पावसाळा येताच मावा त्याला पुन्हा वाडीत घेऊन येतो. म्हणून सुरणाच्या वाफ्याशेजारचा असा बेवारशी, नक्षीदार अळू काढून टाकणे हे सुरणाच्या राखणीचेच काम आहे.

औषध नाही म्हटल्यावर मन खचते. पण खचण्याचे कारण नाही. बटाट्याचा इतिहास आपल्यापुढे आहे. मैदानी मुलखात बटाट्याचे बेणे विषाणूंमुळे दोन-चार वर्षांत निकामी होई आणि डोंगराळ भागातून नवे आणावे लागे. केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे डॉ. पुष्करनाथ ह्यांनी 1959 साली एक पद्धत मांडली. मैदानात ज्या महिन्यांत मावा कमी असतो त्याच महिन्यांत बेण्याचे पीक घ्यावे, मधूनमधून रोगट झाडे उपटावीत, आणि जानेवारीत मावा वाढण्यापूर्वीच पाला कापून टाकावा, म्हणजे कंद निरोगी राहतो. ह्यात कोणतेही नवे औषध नव्हते. निरीक्षण, वेळेचे भान आणि शिस्त, एवढ्यावर देशाचे बटाट्याचे बेणे सुधारले.

दुसरी वाट प्रयोगशाळेची. फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्तां ह्यांनी 1952 साली विषाणूग्रस्त डेलियाच्या कोंबाचे अगदी टोकाचे, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढे टिपूस कापून काचेच्या नळीत वाढवले, आणि त्यापासून निरोगी झाड मिळवले. कारण त्या टोकापर्यंत विषाणू बहुधा पोचलेला नसतो. ह्याच रीतीने 1974 साली फ्लॉरिडात हार्टमन ह्यांनी अळू आणि कॅलेडियम ह्यांना मोझेकच्या विषाणूपासून मुक्त केले. आपल्या देशात 1963 साली तिरुवनंतपुरम येथे कंदपिकांसाठी केंद्रीय संस्था निघाली. कोकणात 1972 साली स्थापन झालेले दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि आपल्या अगदी जवळचे नवसारीचे कृषी विद्यापीठ, जे 2004 साली स्वतंत्र झाले, येथेही कंदपिकांवर काम चालते. म्हणजे सल्ला मागण्यास फार दूर जाण्याची गरज नाही. परंतु एक ध्यानात ठेवावे: नळीतून निघालेले निरोगी रोप उघड्या वाफ्यात आले की त्यालाही मावा टोचू शकतो. प्रयोगशाळा सुरुवात शुद्ध करून देते. पुढची राखण आपलीच.

ही राखण कशी करावी, ते सोप्या शब्दांत सांगतो. पहिली गोष्ट, बेण्याची निवड काढणीच्या वेळी गड्डा पाहून करू नये. पीक हिरवे असताना पान पाहून करावी. श्रावण-भाद्रपदात वाफ्यातून फिरून जी झाडे उत्तम आणि पूर्ण निष्कलंक दिसतील त्यांच्याशेजारी काठी रोवावी, आणि बेणे त्यांचेच ठेवावे. दुसरी गोष्ट, नक्षी दिसली की ते झाड गड्ड्यासकट काढावे. त्याचा गड्डा खाण्यास घ्यावा, बेण्यात मिसळू नये. तिसरी, बेण्याचा वाफा अळूपासून आणि जुन्या सुरणापासून शक्य तितका दूर ठेवावा, आणि त्याच्या भोवती मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी लावाव्यात. येणारा मावा आधी त्यांवर उतरतो आणि त्याची सोंड तेथेच स्वच्छ होते. चौथी, गड्डे कापण्याचा विळा एका गड्ड्यावरून दुसऱ्यावर जाण्यापूर्वी साबणाच्या पाण्याने धुवावा. कष्ट थोडे आणि सावधगिरी मोठी. पाचवी, कोणाला बेणे देताना ते कोणत्या वाफ्यातले आणि हंगामात कसे दिसत होते, हे सांगून द्यावे.

ही कामे करण्यास पदवी लागत नाही. आम्ही शाळेच्या बागेत इयत्ता आठवीच्या मुलामुलींना अळूची पाने पाहण्यास शिकवले आहे. पहिल्या आठवड्यात त्यांना सर्व पाने सारखीच दिसतात. महिनाभरात ती मुले लांबूनच बोट दाखवू लागतात. घरी जाऊन तीच मुले आजीला गॅलरीतली कुंडी दाखवतात. विद्या घराकडे अशीही जाते.

आता विश्वस्त मंडळापुढे आमचे म्हणणे ठेवतो, आणि ते नम्रतेने पण स्पष्ट ठेवतो. ह्या वर्षी बाजारातून गोळा केलेले बेणे वाटू नये. त्याऐवजी नवसारीच्या विद्यापीठासारख्या जाणत्या ठिकाणी विचारून थोडेच, पण खात्रीचे बेणे मिळवावे. सभासदांपैकी कोणी वाडीचा एक कोपरा एका हंगामासाठी द्यावा. तेथे ते लावावे, आमच्या शाळेची मुले आणि आम्ही दर पंधरवड्याने जाऊन पाने पाहू, संशयास्पद झाड काढून टाकू, आणि त्याची नोंद ठेवू. पुढच्या उन्हाळ्यात जे निरोगी बेणे निघेल ते कुटुंबांना द्यावे, आणि प्रत्येकाबरोबर मराठीत व गुजरातीत छापलेले एक पानी माहितीपत्रक द्यावे. महोत्सवाची भेट महोत्सवाच्या वर्षीच मिळावी, अशी पुष्कळांची इच्छा आहे हे आम्ही जाणतो. वर्तमानपत्रात छापण्यासाठी वाटपाचे छायाचित्रही यंदाच हवे असेल. परंतु 50 वर्षे थांबलेल्या संस्थेने आणखी एक पावसाळा थांबण्यात कमीपणा नाही.

कारण धर्मादाय ट्रस्टच्या हातून जे दिले जाते त्यावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. बाजारातून आणलेली वस्तू माणूस उलटून पाहतो. ट्रस्टने दिलेली पाहत नाही. म्हणून पाहण्याचे काम देणाऱ्याने करायचे असते. बेणे ही तर अमानत आहे. शिष्यवृत्तीचे पैसे खर्चून संपतात, पुस्तक वाचून फाटते. बेणे मात्र वर्षानुवर्षे वाढत जाते, आणि ज्याला दिले त्याच्याकडून पुढच्याकडे जाते. ते चांगले असेल तर चांगुलपणा वाढत जाईल आणि रोगट असेल तर रोग वाढत जाईल.

सुरतकरांना हे समजावून सांगण्याची गरज खरे म्हणजे पडू नये. 1994 च्या सप्टेंबरात ह्या शहराने प्लेगची भीती पाहिली. लाखो लोक शहर सोडून गेले. त्यानंतरच्या दोन वर्षांत हेच शहर देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. ते केवळ औषधाने झाले नाही. कचरा रोज उचलला गेला, गल्ल्या झाडल्या गेल्या, आणि आपल्या दाराबाहेरची घाण हीसुद्धा आपली आहे, हे लोकांनी मानले म्हणून झाले. माणसाच्या रोगाची आणि पानाच्या रोगाची तुलना पूर्ण जुळणार नाही. तथापि धडा एकच आहे. ज्या रोगाला शेजाऱ्याच्या घरून आपल्या घरी येता येते, त्याचा बंदोबस्त एकट्याने होत नाही. जमात म्हणून तो करण्यास आपल्यासारखी संघटित मंडळी अधिक समर्थ आहेत.

कतारगामच्या वाड्या परत येणार नाहीत, आणि त्यासाठी शोक करत बसण्याचे कारण नाही. ह्या जागेने आपल्या मुलांना रोजगार दिला आहे. परंतु ओलपाडच्या वाडीत, घराच्या मागच्या चार हात जागेत आणि कुंडीतही जे वाढवता येते ते निरोगी वाढवावे, एवढे आपल्या हाती आहे. पुढच्या वर्षी आपल्यापैकी एखाद्या घरी मोठा, घट्ट, निरोगी सुरण निघेल, आणि त्या घरची बाई त्याचा एक गड्डा शेजारणीला देताना म्हणेल, 'हा पाहून ठेवलेला आहे, खुशाल लावा.' असे वाक्य घरोघर ऐकू आले, म्हणजे ह्या योजनेचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

 ट्रस्टच्या पुढील 50 वर्षांच्या कार्यास यश लाभो, अशी दुआ करून आम्ही आमचे भाषण पुरे करतो.